तापाचा कितवा दिवस? पावसाळी साथीत डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका प्रयोगशाळेत ओळखताना

शिवडीकर (धागाकर्ता)

जुलै उजाडला की मुंबईत नमुन्यांच्या ट्रेमध्ये मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), डेंग्यू, चिकुनगुनिया सगळे एका रांगेत येऊन बसतात. फॉर्मवर मात्र सगळ्यांचं एकच: 'ताप, अंगदुखी'. जे स्वतः प्रयोगशाळेच्या टेबलावर काम करतात किंवा रिपोर्टवर सही करतात, त्यांच्यासाठी हा धागा. रुग्णांचे वैयक्तिक रिपोर्ट कृपया इथे टाकू नका.

सुरुवात मीच करतो. माझ्या मते साथीतल्या चुका यंत्रावर कमी आणि फॉर्मवर जास्त होतात. 'ताप कधी सुरू झाला' हा रकाना कोरा असेल तर निगेटिव्ह रिपोर्टला काही अर्थच उरत नाही. डेंग्यूचा विषाणू साधारण पहिले पाच दिवस रक्तात सापडतो. तोवर एनएस-१ (विषाणूचं रक्तात उतरणारं प्रथिन) शोधणारी एलायझा, म्हणजे रंगावरून निकाल देणारी चाचणी, आणि विषाणूचा आरएनए (जनुकीय द्रव्य) शोधणारी आरटी-पीसीआर. त्यानंतर आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर शरीर आधी बनवतं ते प्रतिद्रव्य (अँटिबॉडी), शोधणारी मॅक-एलायझा. पण आयजीएम पाचव्या दिवशी बटण दाबल्यासारखं उगवत नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान निम्म्या रुग्णांत दिसतं, पाचव्या दिवशी सुमारे ८० टक्क्यांत आणि दहाव्या दिवसापर्यंत जवळपास सगळ्यांत. म्हणजे चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या नमुन्यावर एकच चाचणी लावली तर बरेच खरे रुग्ण निसटतात. या मधल्या पट्ट्यात दोन्ही लावा.

दुसरं टोकही लक्षात असू द्या. आयजीएम दोन-तीन महिने रेंगाळतं. गणपतीतला आयजीएम पॉझिटिव्ह हा आषाढातल्या डेंग्यूचा असू शकतो आणि आत्ताचा ताप लेप्टोचा.

तेरडा

दिवस मोजायची पद्धत आधी ठरवून घ्या. ताप आला तो दिवस कुणी 'शून्य' धरतं, कुणी 'एक'. दोन वॉर्डांचे फॉर्म एका तक्त्यात आले की सगळी ओळ एक घर सरकते. आम्ही फॉर्मवर 'कितवा दिवस' विचारणंच बंद केलं. तारीख लिहून घ्यायची, वजाबाकी संगणक करतो.

अर्धा कप चहा

तारीखही लोक अंदाजाने सांगतात हो. 'रविवारी मटण खाल्लं, त्या रात्री अंग मोडून आलं' असं विचारत विचारत काढावं लागतं.

तेरडा

मग तसं काढायचं. दोन मिनिटं लागतात. अख्खी चाचणी वाया जाण्यापेक्षा बरं.

आता नळ्यांचं. एलायझासाठी साधी लाल टोपीची नळी किंवा जेलवाली पिवळी, मोठ्या माणसाचं ३ ते ५ मिलि रक्त. पीसीआरला सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव) चालतं, जांभळ्या टोपीच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीतला प्लाझ्माही (न गोठलेल्या रक्ताचा द्रव भाग) चालतो. हिरवी नळी नको: तिच्यातलं हेपारीन पीसीआरचं एन्झाइम अडवतं आणि नमुना खोटा निगेटिव्ह येतो.

रक्त गोठायला अर्धा तास द्या, मग सेंट्रिफ्यूज. घाईने फिरवलं तर फायब्रिनचे (रक्ताच्या गुठळीचे) तंतू सीरममध्ये राहतात, पिपेटच्या टोकात अडकतात आणि ५० ऐवजी ३५ मायक्रोलिटर ओढलं जातं. डोळ्याला कळतसुद्धा नाही. अख्खं रक्त फ्रीझरमध्ये कधीही टाकू नका, पेशी फुटून सगळं लाल होतं. सीरम वेगळं काढून २ ते ८ अंशांवर. एक-दोन दिवसांत चाचणी होणार नसेल तर उणे ७० किंवा उणे ८० ला. दोन-तीन छोट्या नळ्यांत वाटूनच ठेवा. एकच नळी तीनदा वितळवून पुन्हा गोठवली की आरएनएची वाट लागते. आयजीएम त्यामानाने टिकाऊ.

पिपेटवाला

मॅक-एलायझावर सविस्तर लिहितो, कारण शासकीय सेंटिनेल (साथीवर नजर ठेवणाऱ्या) रुग्णालयांत साथीचा बहुतेक भार हीच चाचणी उचलते आणि किट पुण्याच्या एनआयव्हीकडून (राष्ट्रीय विषाणू संस्था) येतात.

तत्त्व सोपं आहे. प्लेटच्या खड्ड्यांना मानवी आयजीएम पकडणारं प्रतिद्रव्य आधीच चिकटवलेलं असतं. रुग्णाचं सगळं आयजीएम, डेंग्यूचं असो वा नसो, तिथे अडकतं. मग डेंग्यूचा अँटिजेन (विषाणूचा भाग, ज्याला प्रतिद्रव्य चिकटतं) टाकायचा. डेंग्यूविरुद्धचं आयजीएम असेल तरच तो टिकतो. त्यावर बायोटिन लावलेलं डेंग्यूविरुद्धचं मोनोक्लोनल (प्रयोगशाळेत बनवलेलं प्रतिद्रव्य), त्यावर बायोटिनला धरणारं ॲविडिन-एचआरपी (एचआरपी म्हणजे रंग आणणारं एन्झाइम), शेवटी टीएमबी (त्या एन्झाइममुळे रंग धरणारं रसायन). निळा रंग येतो, आम्ल टाकलं की पिवळा होतो, ४५० नॅनोमीटरला वाचायचा.

आकडे: सीरम १:१०० पातळ करून ५० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर एक तास. अँटिजेन ५०, एक तास. मोनोक्लोनल ५०, एक तास. ॲविडिन-एचआरपी ५०, अर्धा तास. टीएमबी १००, दहा मिनिटं अंधारात. स्टॉप सोल्यूशन १००. प्रत्येक टप्प्यानंतर पाच धुण्या. लॉटप्रमाणे बारीकसारीक बदलतं, त्यामुळे किटमधलं पत्रकच अंतिम. कट-ऑफचा (पॉझिटिव्ह-निगेटिव्हची सीमा) गुणकही त्यातलाच घ्या, गेल्या वर्षीचा भिंतीवर चिकटवलेला नाही.

आता बिघडतं कुठे ते.

निगेटिव्ह कंट्रोलसकट (ज्याचा निकाल निगेटिव्हच यायला हवा तो नमुना) सगळी प्लेट निळी झाली, तर धुणं कमी पडलंय. वॉश बफरची बाटली फ्रिजमधून काढली की तळाशी मिठाचे खडे दिसतात. ते ३७ अंशांवर पूर्ण विरघळवल्याशिवाय पातळ करायला घेतलं, तर पहिल्या प्लेटला पांचट बफर मिळतो आणि शेवटच्या प्लेटला खारट. प्रत्येक धुणीत खड्डा काठोकाठ भरायचा, अर्धा मिनिट थांबायचं, प्लेट उलटी करून टिपकागदावर जोरात आपटायची. हळुवारपणा इथे कामाचा नाही.

पॉझिटिव्ह कंट्रोललाही रंग नाही? एक तर ॲविडिन-एचआरपी टाकायचं राहिलं किंवा कुणीतरी सोडियम ॲझाइड असलेला बफर वापरला. ॲझाइड एचआरपीला मारतं. बफर टिकावा म्हणून चिमूटभर ॲझाइड टाकायची जुनी सवय इथे अशी नडते.

फक्त कडेच्या खड्ड्यांचे आकडे चढे? प्लेट सुकली. इन्क्युबेटरमध्ये ओला टिपकागद घातलेला झाकणाचा डबा ठेवा, त्यात प्लेट. प्लेटांवर प्लेटा रचल्या तर मधली उशिरा तापते, तेही टाळा.

आणि माझं आवडतं: प्लेटची शेवटची, 'एच' ही एकच आडवी ओळ, बाराच्या बारा खड्डे, सगळी फिकी. हा काही रोगप्रसाराचा नमुना नव्हे. आठ टोकी पिपेटचं शेवटचं टोक सैल बसलंय. द्रव ओढल्यावर आठही टोकांतली पातळी डोळ्यांसमोर आडवी धरून बघा. एक टोक दोन मिलिमीटर खाली असेल तर तिथेच थांबा.

टीएमबी बाटलीतच निळसर दिसलं तर फेकून द्या. 'थोडंसंच आहे, चालेल' असं नाही.

कोळीवाडा_१२

प्रश्न: खासगीत सर्रास होणाऱ्या कार्ड टेस्टचं (रेषा उमटवून झटपट निकाल देणारी पट्टी) काय करायचं? दहा-पंधरा मिनिटांत निकाल मिळतो, डॉक्टर त्यावरच खूश.

शिवडीकर

राष्ट्रीय कार्यक्रमात निश्चित निदानासाठी एलायझा धरतात, कार्डवरचा रुग्ण 'संभाव्य' धरला जातो. कारण आहे त्याला. कार्डची संवेदनशीलता (खरे रुग्ण पकडण्याची ताकद) कंपनीगणिक बदलते. शिवाय ज्याला पूर्वी डेंग्यू होऊन गेलाय त्याच्या रक्तात जुनं आयजीजी (पूर्वीच्या संसर्गाचं टिकून राहिलेलं प्रतिद्रव्य) असतं, ते एनएस-१ला गुंडाळून टाकतं आणि चाचणीला काही हाती लागत नाही. मुंबईत मोठ्या माणसांपैकी बऱ्याच जणांची ही दुसरी खेप असते. त्याच रुग्णांत आयजीएमही क्षीण राहू शकतं. एनएस-१ आणि आयजीएम दोन्ही रेषा नाहीत म्हणून घरी पाठवला, असा रुग्णच नेमका गंभीर होण्याचा धोका जास्त, कारण दुसऱ्या खेपेचा डेंग्यू तसाही जड जातो.

आणि कार्डवरची पुसट रेष पंचविसाव्या मिनिटाला दिसली तर ती धरायची नाही. वेळ संपली की कार्ड टाकून द्यायचं, नाहीतर कुणीतरी संध्याकाळी पुन्हा बघतं.

अर्धा कप चहा

+१. आणि डेंग्यू पॉझिटिव्ह आला म्हणून मलेरियाची स्लाइड रद्द करू नका. मुंबईत दोन्ही एकदम असणारे रुग्ण असतात.

सातरस्ता

पीसीआरवर माझे चार शब्द.

एक्स्ट्रॅक्शन (नमुन्यातून आरएनए वेगळं काढणं): सिलिका कॉलमच्या नेहमीच्या पद्धतीत १४० मायक्रोलिटर सीरम घेऊन ६० मध्ये आरएनए उतरवतात. लायसिस बफरमध्ये (विषाणू फोडणारा द्रव) कॅरिअर आरएनए (थोडंसं आरएनए हातचं जाऊ नये म्हणून घालतात ते) टाकायला विसरलात तर कमी विषाणू असलेले नमुने हातचे जातात. शेवटच्या धुणीनंतर रिकामा कॉलम आणखी एक मिनिट फिरवा. तळाशी राहिलेला इथेनॉलचा थेंब पुढची पीसीआर दाबतो.

इथेच एक सावधगिरी, कारण नव्या मुलांना कुणी सांगत नाही: लायसिस बफरमध्ये ग्वानिडिन असतं. ते सांडलं तर त्यावर हायपोक्लोराइट (ब्लीच) ओतू नका, विषारी वायू सुटतो. आधी पाण्याने व साबणाने पुसा, ब्लीच नंतर. कॉलमचा टाकाऊ द्रवही ब्लीचच्या बादलीत नको.

डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका तिन्ही एकाच नळीत वेगवेगळ्या रंगांच्या प्रोबने (ठरावीक विषाणू ओळखणारे चमकते डीएनए तुकडे) शोधणारी ट्रायोप्लेक्स प्रकारची पीसीआर साथीत सोयीची. २५ मायक्रोलिटरच्या मिश्रणात १० आरएनए, ५० अंशांवर अर्धा तास आरटी (आरएनएवरून डीएनए बनवणं), ९५ ला दोन मिनिटं, मग ९५ ला १५ सेकंद आणि ६० ला एक मिनिट अशी ४५ आवर्तनं. सीटी (संकेत दिसेपर्यंत लागलेली आवर्तनं; विषाणू जास्त तितका आकडा कमी) ३८च्या आत आणि वक्र नीट 'एस' आकाराचा असेल तरच पॉझिटिव्ह. आकडा आलाय पण रेघ सरळ तिरकी चढतेय, तर तो आकडा यंत्राचा, विषाणूचा नव्हे. कच्चा वक्र उघडून बघितल्याशिवाय सही करू नये असं माझं स्पष्ट मत.

चिकुनगुनियाची खोड वेगळी. पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातला विषाणू मिलिलिटरला १ अब्जापर्यंत जाऊ शकतो, सीटी १४-१५ येतो. त्याच्या शेजारच्या खड्ड्यात ३६ आला की मी तो रिपोर्ट अडवतो. २२ आवर्तनांचं अंतर म्हणजे सुमारे ४० लाख पट फरक. टोपी उघडताना उडालेला अदृश्य तुषारसुद्धा तेवढं करायला पुरतो. असा नमुना मूळ सीरमपासून पुन्हा काढायचा, प्लेटवर जागा बदलून. नुसता तोच आरएनए परत चालवून काय साधणार, घाण त्यातच असेल तर?

कंट्रोल तीन हवेत: पाण्याचा, पॉझिटिव्ह, आणि एक्स्ट्रॅक्शनपासून सोबत चालणारा निगेटिव्ह. हा तिसरा लोक वाचवतात. पाण्याचा कंट्रोल फक्त शेवटची नळी तपासतो, आधीचे सगळे टप्पे नाही. शिवाय प्रत्येक नळीत अंतर्गत कंट्रोल. तो उमटला नाही तर निकाल 'निगेटिव्ह' नसून 'अवैध'.

तेरडा

खोल्यांचं राहिलं. मिश्रण बनवायची, आरएनए काढायची आणि यंत्राची अशा तीन जागा, आणि माणूस एकाच दिशेने जाणार. यंत्राच्या खोलीतला ॲप्रन घालून मिश्रणाच्या खोलीत शिरला की तीन खोल्या असून नसल्यासारख्या.

कोळीवाडा_१२

झिकासाठी वेगळं काय? २०२१ साली पुरंदर तालुक्यात बेलसरला राज्यातला पहिला रुग्ण सापडला तेव्हापासून गरोदर बायकांचे नमुने हमखास येतात. आयजीएम लावावं का?

सातरस्ता

आधी पीसीआर, आणि सीरमसोबत लघवी मागा. सीरममध्ये झिका साधारण आठवडाभर, लघवीत दोन आठवड्यांपर्यंत सापडतो. न गळणारी स्क्रू टोपीची बाटली, बर्फाच्या पॅकवर.

शिवडीकर

आयजीएम लावाल तर निकाल एकटा वाचू नका. डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल हे सगळे फ्लॅविव्हायरस, एकमेकांचे सख्खे भाऊ. एकाची प्रतिद्रव्यं दुसऱ्याच्या अँटिजेनला चिकटतात. डेंग्यूची दुसरी खेप असलेल्या माणसाचं सीरम झिकाच्या एलायझात बिनदिक्कत पॉझिटिव्ह येऊ शकतं.

गणित करून बघा. समजा १,००० जणांत खरे झिका १० आणि चाचणी ९० टक्के संवेदनशील, ९५ टक्के नेमकी (बाधित नसलेल्या १०० पैकी ९५ जणांना बरोबर निगेटिव्ह सांगणारी). खरे पॉझिटिव्ह ९, खोटे सुमारे ५०. म्हणजे सहातले पाच रिपोर्ट चुकीचे, तेही गरोदर बाईच्या हातात. तीच चाचणी ४० टक्के लोक खरोखर बाधित असलेल्या साथीत वापरली तर ३६० खरे आणि ३० खोटे. चाचणी तीच, वस्ती वेगळी.

शंका राहिलीच तर पीआरएनटी. जिवंत विषाणू आणि रुग्णाचं सीरम एकत्र करून पेशींवर टाकायचं आणि प्लाक (विषाणूने मारलेल्या पेशींचे ठिपके) किती कमी झाले ते मोजायचं. दोन विषाणूंच्या टायटरमध्ये (सीरम किती पातळ केलं तरी विषाणू अडवतं तो आकडा) चौपट फरक असेल तर कौल देता येतो. पण कित्येक दिवस लागतात आणि दुसऱ्या खेपेच्या रुग्णात तीही गोंधळते, कारण शरीर आधी भेटलेल्या विषाणूचीच प्रतिद्रव्यं जोरात काढतं. चिकुनगुनिया अल्फाव्हायरस असल्याने या भाऊबंदकीत नाही. त्याच्या आयजीएमला त्रास देतो तो संधिवाताचा आरएफ (रुमेटॉइड फॅक्टर हे प्रतिद्रव्य). सांधेदुखीवालेच तपासायला येतात, त्यात जुने संधिवाताचे रुग्ण मिसळलेले असतात.

पिपेटवाला

सीरोटाइपबद्दल (डेंग्यूच्या चार प्रकारांपैकी कोणता): रिअल-टाइम पीसीआर नसेल तिथे १९९२ सालची लँसिओटी पद्धत अजून चालते. पहिल्या फेरीत ५११ बेसपेअरचा (डीएनएची लांबी मोजायचं एकक) तुकडा, दुसऱ्या फेरीत डेंग्यू-१ ला ४८२, डेंग्यू-२ ला ११९, डेंग्यू-३ ला २९० आणि डेंग्यू-४ ला ३९२. ११९ची पट्टी जेलवर प्रायमर-डायमरच्या (प्रायमर एकमेकांना चिकटून झालेला कचरा) इतकी जवळ पळते की दीड टक्क्याच्या जेलवर फसगत होते. दोन टक्के किंवा जास्तच घ्या, ५० बेसपेअरची शिडी (लांबी ताडून बघायची मोजपट्टी) लावा आणि जेल पुरतं पळू द्या. नेस्टेड (पहिल्या फेरीच्या तुकड्यावर दुसरी फेरी) असल्याने पहिल्या फेरीची नळी उघडावी लागते आणि त्यात तुकड्याच्या कोट्यवधी प्रती असतात. तेवढ्या एका कामासाठी वेगळं कपाट, वेगळी पिपेट. हे जमत नसेल तर करू नका.

विषाणू वाढवायचा असेल तर डेंग्यूसाठी सी-६/३६ पेशी, २८ अंशांवर. एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून मूळ पेशीवंश काढला तो आपल्या पुण्यात, व्हायरस रिसर्च सेंटरच्या (आताची एनआयव्ही) के. आर. पी. सिंग यांनी, १९६७ साली. १९७८ मध्ये इगाराशींनी त्यातून हा क्लोन निवडला. जगभर रोज वापरतात, पण पुण्याचं नाव क्वचित निघतं. डेंग्यूने या पेशी दरवेळी फुटतातच असं नाही, म्हणून आठवड्याने फ्लोरोसन्सने तपासा. चिकुनगुनिया व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडाच्या) दोन दिवसांत साफ करतो. वाढवलेला विषाणू पाठवायचे नियमही बदलतात: रुग्णाचं सीरम वर्ग 'बी', यूएन ३३७३ (वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), पण डेंग्यूचं कल्चर वर्ग 'ए'. एकाच डब्यात घालू नका.

कोळीवाडा_१२

आणि डास? वॉर्डातून पकडलेले डास आले तर?

तेरडा

थंड पृष्ठभागावर ठेवूनच जात ओळखा, बाहेर आरएनए झपाट्याने जातं. नर-मादी, जात, ठिकाण, तारीख वेगळं. २५ ते ५० माद्यांचा एक गट. पोटात ताजं रक्त दिसणारी मादी गटात घालू नका: ती पॉझिटिव्ह आली तर विषाणू डासाचा की ज्याला चावली त्याचा, हे सांगता येत नाही. कुटायचं, थंड सेंट्रिफ्यूज, वरचा द्रव एक्स्ट्रॅक्शनला. पॉझिटिव्ह गट भागिले एकूण डास गुणिले १,००० हा किमान संसर्गदर. ८०० माद्यांत २ गट पॉझिटिव्ह म्हणजे २.५.

अर्धा कप चहा

वर्तमानपत्रवाले चांदीपुराही डासांच्या यादीत घालतात. १९६५ ला नागपूरकडे सापडलेला तो विषाणू वाळूमाशीचा. अर्ज भरताना 'डासजन्य' पॅनेल (चाचण्यांचा संच) टिकमार्क केलं तर तो शोधलाच जाणार नाही. लहान मूल, ताप आणि काही तासांत झटके, तर पॅनेल वेगळं मागा.

कोळीवाडा_१२

शेवटचा प्रश्न. अनंत चतुर्दशीला लालबाग-परळचे रस्ते बंद, आणि नमुने पश्चिम उपनगरांतून परळकडे यायचे असतात. बर्फ किती टिकतो?

तेरडा

जाड थर्माकोलच्या डब्यात चार गोठलेले जेल पॅक घातले आणि डबा उघडला नाही तर बहुधा दिवसभर निघतो. पण अंदाजावर नको, आत तापमान नोंदवणारा लॉगर टाका. पॅक फ्रीझरमधून काढल्या काढल्या नळीला चिकटवू नका, सीरम गोठतं. टेबलावर ठेवून पॅकवर घाम सुटला की मग डब्यात. नळी, तिच्याभोवती द्रव शोषणारा कापूस, मग न गळणारा दुसरा डबा, बाहेर तिसरा. फॉर्म दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत. नळीभोवती गुंडाळलेला फॉर्म ओला होऊन येतो आणि पुसली जाते ती नेमकी तापाची तारीख.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत नमुना निघाला नाही तर पाठवूच नका. सीरम वेगळं करा, आयजीएमचं २ ते ८ ला, पीसीआरचं उणे ८० ला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गाडी सोडा. परळजवळ हिंदमाताला पाणी भरलं तरी हाच नियम.

कोळीवाडा_१२

उणे ८० नाहीये आमच्याकडे. उणे २० आहे, तोही दर तासाला बर्फ वितळवणारा.

तेरडा

फ्रॉस्ट-फ्री? त्यात आरएनएचे नमुने ठेवूच नका, तो दिवसातून अनेकदा आतल्या आत कोमट होतो. त्यापेक्षा सीरम लगेच लायसिस बफरमध्ये मिसळून ठेवा. विषाणू निष्क्रिय होतो आणि आरएनए एका रात्रीपुरतं फ्रिजमध्ये टिकतं. मात्र एलायझासाठीचा भाग आधी वेगळा काढा, बफरमध्ये गेलेलं सीरम एलायझाला चालत नाही.